घड्याळाची हाक आणि आठ नंबरचा घोटाळा

कळफलकावरील कळ तुम्ही दाबता, तेव्हा संगणकाचा प्रोसेसर दुसऱ्याच कामात गढलेला असतो. मग कळ दाबली हे त्याला समजते कसे? कळफलक त्याला हाक मारतो. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. हाका मारणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला एक क्रमांक. क्रमांक येताच प्रोसेसर हातचे काम थांबवतो, एका तक्त्यात त्या क्रमांकापुढचा पत्ता पाहतो, तेथील आज्ञा पाळतो आणि पुन्हा पहिल्या कामाला लागतो. हा तक्ता भरणे हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे काम.

१९८१ साली आय.बी.एम.ने आपला पी.सी. बाजारात आणला. त्यात हाका गोळा करणारी ८२५९ नावाची चिप होती. तिला आठ तारा. शून्य क्रमांकाच्या तारेवर घड्याळ, एकवर कळफलक, सहावर फ्लॉपी. तारेच्या क्रमांकात ८ मिळवून ती प्रोसेसरला कळवी. म्हणजे घड्याळ ८, कळफलक ९. खरे तर ० ते ३१ हे क्रमांक इंटेलने प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखले होते! ८०८८ प्रोसेसरला त्यांतील मोजकेच लागत, म्हणून निभावले. पुढे ८०२८६ मध्ये ८ चा अर्थ ठरला ‘डबल फॉल्ट’: एक चूक निस्तरताना दुसरी घडली! घड्याळ तर सेकंदाला सुमारे १८ हाका मारणार. नव्या पद्धतीने चालणाऱ्या कर्नलने क्रमांक बदलले नाहीत, तर यंत्र ठणठणीत असताना पहिल्याच टिकटिकीला तो म्हणेल, ‘संपले सारे!’ शिवाय डबल फॉल्टच्या वेळी प्रोसेसर स्टॅकवर एक जादा आकडा ठेवतो. घड्याळाच्या हाकेत तो नसतो. तो आहे असे समजून काढू गेल्यास हाती येतो तो परतीचा पत्ता!

म्हणून १९९१ च्या पहिल्या लिनक्सनेही सुरुवातीलाच चिपला बजावले, ‘८ नव्हे, ३२ मिळव.’

पण चिपने ऐकले का? कर्नलमधूनच ‘इंटरप्ट ३३’ अशी आज्ञा देऊन पाहता येते. मात्र तिने फक्त तक्ता तपासला जातो. चिप त्यात येतच नाही. या फसव्या परीक्षेत नापास होणारा कर्नल विरळा! खरी हाक तारेवरूनच यायला हवी. त्यासाठी एक सोडून सर्व तारा बंद करायच्या, प्रत्येक क्रमांकापुढे शून्य मांडायचे आणि एखाद्या अक्षराची कळ एकदाच दाबून सोडायची. दाबताना एक हाक, सोडताना दुसरी. तेव्हा ३३ पुढे २ आणि इतरत्र शून्यच दिसले पाहिजे. १ वर गाडी अडली, तर क्रमांक बरोबर आहे, पण ‘काम झाले’ हा निरोप कदाचित चिपला पोचलेला नाही. तो मिळेपर्यंत ती त्या तारेची पुढची हाक अडवून धरते. घड्याळाची परीक्षा आणखी सोपी. सेकंदाला १०० हाका ठरवाव्यात आणि मनगटी घड्याळाने १० सेकंद मोजावेत. आकडा हजाराच्या आसपास हवा.

आता ८२५९ चे काम ‘एपिक’ नावाची यंत्रणा करते. शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडा, थोडे टंकन करा आणि ती पुन्हा उघडा. पुष्कळ लॅपटॉपांत अजून १ क्रमांकाच्याच ओळीतील आकडा वाढलेला दिसेल. कळफलक यू.एस.बी.चा असेल, तर मात्र वाढ कोणत्या ओळीत झाली, ते तुम्हीच शोधा.