शाळेची भिंत रंगवायची कोणी?



मूर्तीवरच्या एका रेघेचे मोल शिरपूरकरांना सांगावे लागत नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या पूजेच्या वेळा श्वेतांबर व दिगंबर बांधवांनी १९०५ साली वाटून घेतल्या. पुढे मूर्तीला लेप कोणी द्यावा, त्यात कंदोरा व कच्छोट असावेत की नसावेत, यावरून तंटा पेटला. तो १९२९ साली विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून कुलपाआड असलेली मूर्ती २०२३ च्या मार्चमध्ये दर्शनाला खुली झाली. चित्र वा मूर्ती नुसती शोभा नसते; तीत आपण आहोत की नाही, हे माणूस आधी पाहतो.

मलाही हे उशिरा कळले. एका सभेसाठी आम्ही मोठा फलक रंगवला. जिनात काम करणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, याच्यात आमी कुठी हाओ?" पाहतो तो सारे पुरुषच! आम्ही एकीचा फलक रंगवला होता, पण निम्मी संघटना त्यात नव्हतीच.

आज पुष्कळ शाळांच्या भिंती 'बोलक्या' झाल्या आहेत. वेगवेगळ्या पोशाखांतली चार मुले हात धरून उभी असतात. चित्र वाईट नव्हे. परंतु रंगारी बाहेरून आला, मुले वर्गातच राहिली आणि जेवायला पुन्हा आपापल्या वस्तीचे कोंडाळे करून बसली, तर त्या चित्राने काय साधले?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कुलात १९३६ साली व्हिक्टर आर्नोटॉफ यांनी भित्तिचित्रे काढली. वॉशिंग्टनच्या मळ्यावरचे गुलाम आणि मारला गेलेला आदिवासी त्यांनी दाखवला. हेतू खरे सांगण्याचा होता. पण काळ्या विद्यार्थ्यांना रोज आपली गुलामगिरीच दिसे. त्यांनी आवाज उठवला. तेव्हा ड्यूई क्रंप्लर या तरुण काळ्या चित्रकाराने विद्यार्थ्यांशी बोलून १९७४ पर्यंत त्याच शाळेत काळे, आदिवासी, आशियाई व लॅटिन अमेरिकन लोकांची नवी चित्रे पुरी केली. २०१९ साली जुनी चित्रे पुसण्याचा ठराव झाला, तेव्हा ती राहू द्या म्हणणाऱ्यांत क्रंप्लर होते. जुन्या चित्रावाचून त्यांच्या उत्तराला अर्थ उरत नव्हता. २०२२ साली तो निर्णय मागे घेतला गेला.

आपल्याकडे रंगाच्या जागी जात, धर्म आणि पंथ आहेत. म्हणून माझी सूचना साधी आहे. भिंतीचे चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनाला वेगवेगळ्या वस्त्यांतली पाच मुले द्या. रंगाआधी त्यांनी एकमेकांच्या घरी जावे, तिथली कामे आणि अवजारे पाहून यावे. कच्ची चित्रे आठवडाभर शाळेत टांगा. आईबापांचा आक्षेप आला तर मुलांसमोर ऐका. मग चुना मारा आणि कुंचले मुलांच्या हाती द्या. रेघा वाकड्या येतील, त्या तशाच राहू द्या.

दोन-चार पावसाळ्यांत रंग उडेल. उडू द्या. पुढच्या मुलांना भिंतीशी पुन्हा एकत्र बसावे लागेल.