इनकार्नडाइन : गुलाबी शब्द लाल कसा झाला

आज आपण एकच शब्द घेणार आहोत, इनकार्नडाइन. बोलताना हा शब्द कुणी वापरत नाही. इंग्रजी साहित्य वाचणाऱ्याला मात्र तो कधीतरी भेटतो, आणि बहुतेक वेळा शेक्सपिअरच्याच ओळखीने भेटतो.

मूळ लॅटिन. 'कारो' म्हणजे मांस. मांसाहारी प्राण्यांचा 'कार्निव्होरस' त्यातूनच आला आणि 'इन्कार्नेशन'सुद्धा. म्हणजे देह धारण करणं, आपला अवतार! आमचा शब्द या दोघांच्या भावकीतला. इटालियन-फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा साधं विशेषण होता. अर्थ, कातडीसारखा फिकट गुलाबी. कातडी अर्थातच गोरी. दुसरीही असते हे तिकडे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

मग गुलाबीचा लाल झाला कसा? 'मॅकबेथ', साधारण १६०६. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. झोपलेल्या डंकन राजाचा खून करून मॅकबेथ आलाय, हात रक्ताने माखलेत. तो म्हणतो, समुद्रानेही हे हात स्वच्छ होणार नाहीत. उलट हा हातच साऱ्या समुद्रांना रंगवून टाकील. हे 'रंगवणं' म्हणजे इनकार्नडाइन. विशेषणाचं इथे क्रियापद झालं, आणि रंग झाला रक्ताचा.

आता पुढची ओळ बघा. तीच गोष्ट लगेच पुन्हा येते, पण लहान लहान, घरगुती इंग्रजी शब्दांत : हिरव्याचं लाल. काही जण म्हणतात, रंगमंचासमोर उभं राहून नाटक बघणाऱ्यांना लॅटिन कळेना, त्यांच्यासाठी ही सोय. असेलही. पण आम्हाला वाटतं, भारदस्त शब्द चालू असतात तोवर मॅकबेथ समुद्राकडे बघतोय. साधा 'लाल' उच्चारला आणि नजर परत हातावर आली. थोड्याच वेळात त्याची बायको म्हणते की जरासं पाणी पुरेल. पाचव्या अंकात तीच झोपेत हात चोळत फिरते.

तेव्हापासून या शब्दाला रक्ताचा वास चिकटला. फिट्झजेराल्डने १८५९ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांत तो वापरला, तिथे खून नाही. पिवळ्या गुलाबाच्या गालावर लाली आणायची आहे, तीही मद्याने. तरी वाचताना मॅकबेथ आठवतोच.

मराठीत काय म्हणावं? गुलाबाच्या गालाला 'आरक्त' छान बसेल. मॅकबेथला 'रक्तरंजित' म्हणावं, तर तो शब्द बातम्यांनी पार झिजवलाय. गंमत म्हणजे संस्कृतात 'रक्त' म्हणजे आधी 'रंगवलेलं', मग 'लाल', आणि मग अंगातलं रक्त. इंग्रजी शब्द मांसाकडून रंगाकडे गेला, आपला रंगाकडून रक्ताकडे आला. एका शब्दातलं क्रियापद मात्र आम्हाला अजून सापडलेलं नाही. 'लाल करणे' म्हटलं की त्यातलं मांस जातं. तुम्हाला काही सुचलं तर पुढच्या वेळी जरूर सांगा.