हायटेन्शन तारांखाली टेम्पोला हात लावताच झिणझिण्या का येतात?

शहापूर-तानसा भागात हायटेन्शन तारांखाली उभ्या टेम्पोच्या दाराला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर गाडीचे वायरिंगच बिघडले असेल असे नाही. शेजारच्या भिवंडी तालुक्यातील पडघ्याला ४०० केव्हीचे उपकेंद्र आहे. इतक्या दाबाच्या एसी तारांभोवती विद्युतक्षेत्र तयार होते. त्यामुळे तारेला न टेकताही खालच्या गाडीच्या पत्र्यावर विद्युतभार येतो. टायरमुळे तो जमिनीत सहज उतरत नाही; आपण दार धरले की आपल्या अंगातून उतरतो. गाडी मोठी आणि जमीन कोरडी, तर चटका जास्त.

हा चटका सहसा जीवघेणा नसतो. मात्र ठिणगीने पेट्रोल पेटू शकते, म्हणून तिथे इंधन भरू नका.

खरा धोका उंचीचा. ४०० केव्हीची तार जमिनीपासून किमान सुमारे ८.८ मीटरवर हवी. पेंढ्याच्या ट्रकवर माणूस चढला किंवा डंपरचा हौदा उचलला, की हे अंतर घटते. तारेला स्पर्श न होताही वीज झेप घेऊ शकते. म्हणून गाडी तारांपासून लांब नेऊनच भरा-उतरवा.

तार गाडीवर पडलीच, तर आतच बसा आणि १९१२ वर फोन करा.