वादळाआधी पोहोचणारे लाइनमन

५ ऑक्टोबर २०२४ रोजी मेक्सिकोच्या आखातात एक कमी दाबाचा पट्टा खोल झाला आणि दोनच दिवसांत त्याचे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ झाले. नाव मिल्टन, रोख फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे. टँपा परिसरातली लाखो माणसे घरांना फळ्या ठोकून बाहेर पडली आणि उत्तरेकडे जाणारा ७५ क्रमांकाचा महामार्ग तुंबला. त्याच दिवसांत दुसऱ्या राज्यांतले ट्रक फ्लोरिडात शिरत होते. टपावर दुमडलेला लांब यांत्रिक हात, हाताच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा. ९ तारखेच्या रात्री वादळ सिएस्टा की येथे जमिनीवर आले, तेव्हा सुमारे ५० हजार वीज कर्मचारी राज्यात आधीच हजर होते. त्यांतले काही थेट कॅलिफोर्नियाहून आले होते.

त्या वादळात ३० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. वीज कंपनीच्या हिशेबात ग्राहक म्हणजे एक मीटर, त्यामुळे अंधारात गेलेल्या माणसांची संख्या याहून बरीच मोठी.

दुरुस्तीला लागणारी एवढी माणसे कोणतीही कंपनी बारा महिने पगारावर ठेवू शकत नाही. लाइनमन तयार व्हायला उमेदवारीची साधारण चार वर्षे लागतात, आणि वादळ काही दरवर्षी त्याच गावावर येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी एकमेकींची माणसे अडचणीच्या वेळी वापरण्याची पद्धत बसवली. खासगी कंपन्यांचा समन्वय एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट ही त्यांची संघटना करते. नगरपालिकांच्या वीज संस्था आणि ग्रामीण भागातल्या वीज सहकारी संस्था यांच्या संघटना वेगळ्या. करारातली मुख्य अट साधी आहे. बोलावणाऱ्याने पाहुण्या पथकांचा प्रवास, पगार, राहणे, जेवण असा सगळा खरा खर्च द्यायचा आणि पाठवणाऱ्याने त्यावर नफा घ्यायचा नाही. आज मदत घेणारी कंपनी उद्या मदत देणारी असते, म्हणून ही अट टिकते.

खरी कसोटी लागते ती वेळेच्या हिशेबात. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळाच्या संभाव्य मार्गाचा पट्टा जाहीर करते, आणि त्या पट्ट्यातल्या कंपन्या माणसांची मागणी नोंदवतात. पण पट्टा रुंद असतो. ज्यांच्या डोक्यावर वादळ येण्याची थोडीही शक्यता आहे, त्या कंपन्या आपली माणसे सोडत नाहीत. मग मदत लांबून आणावी लागते, आणि लांबून आणायची तर निर्णय लवकर घ्यावा लागतो. हे ट्रक जड आणि संथ. कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा हा प्रवास काही दिवसांचा. मिल्टनच्या वेळी त्यात आणखी एक पेच होता. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हेलीन वादळाने जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलिना राज्यांत हाहाकार माजवला होता, आणि देशभरातली अनेक पथके तिथल्या दुरुस्तीत अडकलेली होती.

अंदाज चुकण्याचा धोकाही पत्करावा लागतो. २०१९ साली डोरियन वादळासाठी फ्लोरिडाने जय्यत तयारी केली. वादळ बहामा बेटांवर थबकले, तिथे प्रचंड विध्वंस केला आणि फ्लोरिडाला बगल देऊन उत्तरेकडे गेले. फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या एकाच कंपनीचा तयारीवरचा खर्च २० कोटी डॉलरच्या पुढे गेला. असा खर्च शेवटी ग्राहकांच्या बिलावर येतो आणि त्यावर वादही होतात. पण वादळ आल्यावर माणसे बोलवायची, तर रस्ते पडलेल्या झाडांनी बंद, पेट्रोल पंप कोरडे आणि हॉटेलांत वीज नाही, अशी गत असते.

आलेल्या पथकांना ठेवायचे कुठे, हाही मोठा व्याप. क्रीडासंकुले, जत्रेची मैदाने, मॉलचे वाहनतळ ताब्यात घेऊन तिथे झोपण्याची, जेवणाची, कपडे धुण्याची आणि ट्रकमध्ये इंधन भरण्याची सोय केली जाते. छावणीची जागाही जपून निवडावी लागते. सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या छत असलेल्या स्टेडियमात मिल्टनआधी मदत कर्मचाऱ्यांसाठी खाटा मांडल्या होत्या. वादळाचा जोर पाहून तिथला मुक्काम हलवला गेला. वादळाच्या रात्री स्टेडियमचे कापडी छप्पर फाटून गेले.

वारा ताशी साधारण ५५ किलोमीटरच्या खाली येईपर्यंत पाळणा वर चढवता येत नाही. तोवर थांबायचे. नंतर पाहुण्या पथकाला सुरक्षेची माहिती मिळते आणि वाट दाखवायला स्थानिक कंपनीचा माणूस सोबत दिला जातो, कारण कोणता फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, कुठून येतो हे परक्या लाइनमनला ठाऊक नसते. खांबावरचे काम ठरल्या क्रमानेच चालते. तार मेलेली दिसली तरी ती जिवंत समजायची. लांब इन्सुलेटेड काठीने विद्युतदाब तपासायचा, मग तारांना अर्थिंगचे क्लॅम्प लावायचे आणि मगच हात घालायचा. कारण पलीकडच्या गल्लीत कोणी घरचा जनरेटर सरळ वायरिंगला जोडला असेल, तर वीज उलटी वाहत ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो आणि खांबावरच्या माणसाचा जीव जातो. दिवसाचे सोळा तास काम, आठ तास विश्रांती. वीज परत आणण्याचाही क्रम ठरलेला: आधी उच्चदाब वाहिन्या आणि उपकेंद्रे, मग रुग्णालये व पाणीपुरवठ्याचे फीडर, मग वस्त्या, शेवटी एकेकटी घरे.

याचे फळ आकड्यांत दिसते. २००५ च्या विल्मा वादळात फ्लोरिडा पॉवर अँड लाइटच्या ३२ लाख ग्राहकांची वीज गेली आणि ती पूर्ववत व्हायला १८ दिवस लागले. २०१७ च्या इर्मात ४४ लाख ग्राहक अंधारात गेले, तरी काम १० दिवसांत संपले. मधल्या काळात खांब आणि वाहिन्या मजबूत केल्या होत्या, हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे अनेक राज्यांतून आणि कॅनडातूनही जमवलेले सुमारे २८ हजारांचे मनुष्यबळ.

इर्मानंतर दहा दिवसांनी मारिया वादळाने प्वेर्तो रिको बेट झोडपले. तिथली सरकारी वीज संस्था आधीच दिवाळखोरीत होती. तिने परस्पर साहाय्याची मागणी न करता माँटानातल्या व्हाइटफिश एनर्जी या छोट्या कंपनीला ३० कोटी डॉलरचे काम दिले. वादळ आले तेव्हा त्या कंपनीत पूर्णवेळ कर्मचारी दोन होते. देशभर ओरड झाल्यावर करार रद्द झाला आणि ऑक्टोबरअखेर मुख्य भूमीवरच्या कंपन्यांना रीतसर साद घातली गेली, म्हणजे वादळानंतर जवळपास सहा आठवड्यांनी. बेट असल्याने खांब, ट्रक सगळेच समुद्रमार्गे आणावे लागले. शेवटच्या घरांत वीज पोहोचायला ऑगस्ट २०१८ उजाडले. या दिरंगाईची किंमत ऑक्सिजन यंत्रावर आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी मोजली.

वादळानंतरच्या लांबलेल्या अंधाराचा अनुभव कोकणालाही नवा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे विजेचे खांब ओळीने आडवे झाले. महावितरणने राज्याच्या इतर भागांतून पथके आणली, त्यांनी भर पावसात काम केले, तरी कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. मिल्टनने फ्लोरिडाला चार दिवस दिले होते; निसर्गचा कमी दाबाचा पट्टा १ जूनला तीव्र झाला आणि तिसऱ्या दिवशी वादळ किनाऱ्यावर होते. पुढच्या वर्षी तौक्ते वादळ केरळपासून गुजरातपर्यंत अख्ख्या पश्चिम किनाऱ्याला घासत गेले, म्हणजे शेजारची राज्ये त्या वेळी स्वतःच संकटात. अशा वेळी कोकणाला माणसे मिळणार ती विदर्भातून, मराठवाड्यातून, फार तर मध्य प्रदेशातून. नागपूर ते रत्नागिरी अंतर सुमारे ९०० किलोमीटर आहे. घाट उतरून खांब आणि क्रेनसह तिथे पोहोचायचे, तर कोणती पथके निघणार, ती कुठे राहणार आणि खर्च कोण देणार, हे मे महिना उजाडण्याआधी कागदावर ठरलेले असायला हवे.