बारा वेळा दुप्पट

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात असाबेट नदीच्या काठी मेनार्ड नावाचं लहानसं गाव आहे. तिथे लोकरीच्या कापडाची एक अवाढव्य गिरणी होती. अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेसाठी या गिरणीने कापड विणलं. १९५० मध्ये ती बंद पडली आणि रिकाम्या इमारती भाड्याने देणं सुरू झालं. गिरण्या बंद पडल्यावर त्या जागी काय उभं राहतं, हे मुंबईकराला सांगायला नको. मेनार्डमध्ये मात्र मॉल आला नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये दोन तरुण इंजिनिअरांनी तिथे ८,६८० चौरस फूट जागा घेतली. भाडं होतं चौरस फुटाला वर्षाला २५ सेंट, रखवालदार आणि हिवाळ्यातली ऊब धरून. तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता आणि आपल्याकडे नवे पैसे त्याच एप्रिलमध्ये सुरू झाले होते. म्हणजे चौरस फुटाला सालीना एक रुपया एकोणीस नवे पैसे! अख्ख्या जागेचं वर्षाचं भाडं २,१७० डॉलर.

त्या दोघांची नावं केन ओल्सेन आणि हार्लन अँडरसन. दोघेही एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत संगणक बांधण्याच्या कामावर होते. तिसरा माणूस ओल्सेनचा भाऊ स्टॅन. कंपनीचं नाव डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, तोंडी नाव डेक. भांडवल ७०,००० डॉलर, तेव्हाचे सव्वातीन लाख रुपयांहून थोडे जास्त.

हे पैसे देणारी संस्था होती अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट, म्हणजे एआरडी. ती चालवायचे जॉर्ज डोरिओ. जन्माने फ्रेंच, हार्वर्डला प्राध्यापक आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात ब्रिगेडिअर जनरल. एआरडीच्या संचालकांपुढे जाण्याआधी या दोघांना तीन सूचना मिळाल्या, अशी हकीकत ओल्सेन पुढे सांगत असत. पहिली सूचना अशी की ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढायचा नाही, कारण त्या धंद्यात कोणी पैसे मिळवल्याचं ऐकिवात नाही. दुसरी, पाच टक्के नफा होईल असं सांगायचं नाही. एवढ्यासाठी पैसे गुंतवायचे कशाला, दहा तरी म्हणा. तिसरी, नफा लवकर होईल असं सांगा, कारण संचालकांपैकी बरेच ऐंशीच्या पुढचे आहेत. कंपनीचं ठरलेलं नाव ‘डिजिटल कॉम्प्युटर’ होतं, ते ‘डिजिटल इक्विपमेंट’ झालं.

७०,००० डॉलरच्या बदल्यात एआरडीने ७० टक्के मालकी घेतली. ओल्सेनला १२ टक्के, अँडरसनला ८. उरलेले १० टक्के एखाद्या अनुभवी व्यवस्थापकासाठी राखून ठेवले होते. तो व्यवस्थापक कधी आलाच नाही. ज्यांच्या डोक्यातून आणि हातातून कंपनी निघाली त्यांना मिळून २० टक्के. आजच्या स्टार्टअपवाल्यांना हे वाचून झीट येईल. पण १९५७ मध्ये तिशीच्या आसपासच्या दोन इंजिनिअरांना दुसरं कोण पैसे देणार होतं?

१९६६ मध्ये डेकचे शेअर बाजारात आले. भाव २२ डॉलर. त्या भावाने एआरडीच्या वाट्याची किंमत झाली ३ कोटी ८५ लाख डॉलर, म्हणजे नऊ वर्षांत ५५० पट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, एआरडी टेक्स्ट्रॉन कंपनीत विलीन होण्याच्या सुमारास, तोच वाटा साडेपस्तीस कोटी डॉलरवर गेला. ७०,००० चे ३५,५०,००,००० म्हणजे पाच हजार पटींहून जास्त. नव्या कंपन्यांत पैसा घालण्याच्या धंद्यात हा आकडा आजही मंत्रासारखा म्हटला जातो.

मला या आकड्याचं कौतुक आहे, पण तो म्हणण्याची पद्धत पटत नाही. ‘पाच हजार पट’ म्हटलं की वाटतं कुणी जादूची कांडी फिरवली. प्रत्यक्षात पाच हजार पट म्हणजे बारा वेळा दुप्पट, आणि वर थोडंसं. दोन, चार, आठ, सोळा असं मोजत गेलात तर बाराव्या पायरीला ४,०९६ येतात. चौदा वर्षांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे साधारण दर चौदा महिन्यांनी एकदा. त्यातल्या नऊ वेळा शेअर बाजाराने कंपनीचं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि पैशाच्या दृष्टीने त्या अगदी किरकोळ होत्या. शेवटच्या तीन-सव्वातीन वेळांनी मात्र साडेएकतीस कोटी डॉलरची भर घातली. ज्याने नवव्या पायरीवर विकून टाकलं असतं तोही शहाणाच ठरला असता, पण आज त्याची गोष्ट कोणी सांगितली नसती. शिवाय एआरडीने पैसे घातलेल्या कंपन्या अनेक होत्या. डेक एकच निघाली.

४,०९६ हा आकडा या गोष्टीत आणखी एका ठिकाणी येतो आणि तो योगायोग मला फार आवडतो. त्याकडे येतोच.

पहिल्या वर्षी डेकने संगणक विकलेच नाहीत. तसं वचनच दिलं होतं. त्यांनी विकले मॉड्यूल, म्हणजे ट्रान्झिस्टरचे तयार सर्किट बोर्ड. प्रयोगशाळांनी ते घ्यावेत, तारांनी जोडावेत आणि आपली उपकरणं तपासावीत. पहिल्या वर्षाची विक्री ९४,००० डॉलर, आणि वर्षअखेर नफा. तो किती हे गौण. नव्या कंपनीने पहिल्याच वर्षी नफा दाखवणं हेच डोरिओंच्या दुनियेत नवल होतं.

मग १९५९ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या परिषदेत त्यांनी स्वतःचं पहिलं यंत्र मांडलं. ते बेन गर्ली यांनी साडेतीन महिन्यांत रचलं होतं. नाव पीडीपी-१. पीडीपी म्हणजे ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’. ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचं सोवळं अजून सुटलं नव्हतं! किंमत १,२०,००० डॉलर. आज हा आकडा ऐकून कोणी कपाळाला हात लावेल, पण तेव्हा मोठ्या संगणकाची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे असायची. त्याला स्वतंत्र थंडगार खोली लागायची आणि त्याच्याजवळ जायला पुजाऱ्यांची परवानगी. पीडीपी-१ समोर बसून, पडद्यावर पाहत वापरता यायचं. सेकंदाला एक लाख बेरजा. स्मृती ४,०९६ शब्दांची, प्रत्येक शब्द १८ बिटचा. एक यंत्र त्यांनी एमआयटीला भेट दिलं. तिथल्या पोरांनी १९६२ मध्ये त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. पुढे डेकच्या लोकांनी नवं यंत्र नीट चालतं की नाही ते पाहायला तोच खेळ वापरला. फुकट दिलेल्या यंत्राची याहून चांगली वसुली दुसरी कुठली?

अशी यंत्रं बनली एकूण ५३. फक्त ५३. पुढचं सगळं वाचताना हा आकडा लक्षात ठेवावा.

नंतरची काही वर्षं चाचपडण्याची होती. पीडीपी-६ हे ३६ बिटचं मोठं, महागडं यंत्र काढलं, ते २३ च खपलं. त्यावरून कंपनीत बरीच आदळआपट झाली आणि १९६६ मध्ये अँडरसन बाहेर पडले. पण याच काळात एक बारीकसं काम चाललं होतं. कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या अणुभट्टीवर देखरेख करायला मोठ्या यंत्राच्या पुढे एक छोटं यंत्र हवं होतं. त्यासाठी १२ बिटचं पीडीपी-५ रचलं गेलं. १९६३, किंमत २७,००० डॉलर. शंभरच्या थोडी पुढे खपली. तीच रचना घासूनपुसून, आकार कमी करून १९६५ मध्ये पीडीपी-८ आलं. १८,००० डॉलर. वजन सव्वाशे किलोच्या आत. फोक्सवॅगन बीटल गाडीच्या मागच्या सीटवर ते ठेवून जाहिरातीचा फोटो काढला होता. संगणक गाडीत बसतो, एवढंच सांगायचं होतं आणि ते पुरेसं होतं.

डेकची खरी चक्रावणारी आकडेवारी इथे आहे. पाच हजार पटीत नाही. पीडीपी-१ मध्ये सेकंदाला एक बेरीज करण्याच्या क्षमतेमागे १ डॉलर २० सेंट पडत होते. पीडीपी-८ सेकंदाला तीन लाखांहून जास्त बेरजा करायचं, म्हणजे त्याच क्षमतेला साडेपाच सेंट. पाच-सहा वर्षांत बाविसाव्या हिश्शावर भाव! (शब्द १८ ऐवजी १२ बिटचा होता, हे मान्य. तरी निम्मी सूट द्या, अकरापट स्वस्ताई उरतेच.) वर्षभरातच पीडीपी-८/एस नावाचा धीमा भाऊ दहा हजारांच्या आत आला. आणि ५३ यंत्रं विकणाऱ्या कंपनीने पीडीपी-८ च्या घराण्यातली ५०,००० हून अधिक यंत्रं विकली.

ती घेतली कोणी? बँकांनी आणि विमा कंपन्यांनी नव्हे. प्रयोगशाळांनी, कारखान्यांनी, छापखान्यांनी, रुग्णालयांनी. कित्येक तर दुसऱ्या कंपन्यांनी घाऊक भावात घेतली आणि आपल्या यंत्राच्या पोटात बसवून, वर आपलं नाव लावून विकली. डेकने त्यांना सॉफ्टवेअर फारसं दिलं नाही. तुमचं तुम्ही लिहा, एकमेकांना द्या, म्हणून वापरणाऱ्यांची संघटना मात्र १९६१ पासूनच उभी करून दिली. डेकचा विक्रेता संगणक विकून बाजूला व्हायचा. आयबीएमचा विक्रेता घरजावई व्हायचा. स्वस्ताईचं अर्धं गुपित इंजिनिअरिंगमध्ये होतं, उरलेलं या बाजूला होण्यात.

आता तो योगायोग. मूळ पीडीपी-८ ची स्मृतीही ४,०९६ शब्दांचीच होती. १२ बिटने जेवढे पत्ते लिहिता येतात तेवढे, म्हणजे एकाला बारा वेळा दुप्पट केल्यावर येतात तेवढे. ज्या पायऱ्यांनी एआरडीचे पैसे वाढले, त्याच पायऱ्यांनी ही स्मृती मोजली जात होती. बाइटमध्ये सांगायचं तर ६,१४४ बाइट. पन्नास हजार यंत्रांची ही मूळ स्मृती एकत्र केली तर तीस कोटी बाइटच्या जरा वर जाते, म्हणजे सुमारे ३०० एमबी. पुतणीच्या हळदीचा जो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर ‘फार मोठा आहे, जात नाही’ म्हणून अडकतो, तेवढी. त्या ३०० एमबीत जगभरच्या प्रयोगशाळा आणि कारखान्यांतली कामं वर्षानुवर्षं चालली.

१२ बिटची ही चाल आपल्याकडेही आली होती. १९६९ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात घडवलेला, पुढे हैदराबादच्या ईसीआयएलने बनवलेला टीडीसी-१२ हाही १२ बिटचाच. आणि सत्तरच्या दशकात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेकचं मोठं यंत्र, डेकसिस्टिम-१०, येऊन बसलं. मुंबईतल्या संगणकवाल्यांची एक अख्खी पिढी त्याच्या टर्मिनलवर घडली. ज्या पीडीपी-६ ची २३ च यंत्रं खपली, त्याचाच हा वंशज. तोट्याची शाखा म्हणून छाटली असती तर?

नंतरचे आकडे पळतच जातात. १९७० मध्ये पीडीपी-११ आलं, १०,८०० डॉलरला. त्या घराण्यातली यंत्रं सगळी मिळून सहा लाखांच्या आसपास गेली. १९७४ मध्ये डेकने मेनार्डची गिरणीच विकत घेतली. एकोणीस इमारती, दहा लाख चौरस फुटांहून जास्त. १९७७ मध्ये वर्षाची विक्री १०० कोटी डॉलर ओलांडून गेली. तिघांचे सुमारे ३६,००० कर्मचारी झाले होते. ९४,००० पासून १०० कोटी, एकोणीस वर्षांत. सरासरी दर वर्षाला ६३ टक्के वाढ. दरवर्षी तुमच्या कचेरीतल्या प्रत्येक पाच माणसांमागे तीन नवी माणसं आणि तीन नवी टेबलं येताहेत, अशी एकोणीस वर्षं. हे माझ्या डोक्यात पाच हजार पटीपेक्षा जास्त घोळतं, कारण पैसा कागदावर दुप्पट होतो, माणसं तशी होत नाहीत. त्यांना नोकरीवर घ्यावं लागतं, शिकवावं लागतं, त्यांची भांडणं सोडवावी लागतात.

आणि मग १९८२. ह्यूस्टनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी कॉम्पॅक काढली. त्यांचं यंत्र बॅगेसारखं उचलून न्यायचं होतं, तेरा किलोच्या आत, ३,००० डॉलरला पाच कमी, आणि आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालायचे. त्यात पीडीपी-८ च्या एकवीसपट स्मृती होती. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९८३ मध्ये, त्यांनी ५३,००० यंत्रं विकली. पीडीपी-१ ची ५३, यांची ५३,०००. आणि विक्री ११ कोटी ११ लाख डॉलर, म्हणजे डेकच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ बाराशे पट. मधल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत महागाई साडेतीन पट झाली होती. ती वजा केली तरी सव्वातीनशे पट उरतं. डेकला १०० कोटी गाठायला एकोणीस वर्षं लागली, कॉम्पॅकने ती १९८७ मध्येच गाठली.

डेकची यंत्रं टेबलाएवढी करण्यातली हुशारी दुसऱ्यांनी टेबलावर ठेवण्यापर्यंत नेली. डेकने ते पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. नव्वदच्या सुरुवातीला कर्मचारी सव्वा लाखाच्या आसपास होते आणि नफा गायब. १९९८ मध्ये कॉम्पॅकने डेकला ९६० कोटी डॉलरला विकत घेतलं.

त्या रकमेचाही हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ७० टक्क्यांना ७०,००० म्हणजे सुरुवातीला अख्ख्या कंपनीची किंमत एक लाख डॉलर धरली होती. एक लाखाचे ९६० कोटी म्हणजे ९६,००० पट, साडेसोळा वेळा दुप्पट. मधे शेअर वाढले, वाटणी बदलली, त्यामुळे हिशेब ढोबळ आहे. तरी पहिल्या बारा दुपटींना चौदा वर्षं पुरली आणि उरलेल्या साडेचारांना सत्तावीस लागली, म्हणजे एकेकीला सहा वर्षं. कॉम्पॅकची गत याहून वेगळी झाली नाही. २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ती गिळली, तेव्हा तिला वीस वर्षं झाली होती.