कळ, कळफलक आणि मनगटातली कळ

जर्नल हाताने लिहायला लावणाऱ्या सर्व सरांची आणि मॅडमची माफी मागून सांगतो, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण पेनापेक्षा जास्त बडवतो तो कीबोर्ड. प्रोग्राम, प्रोजेक्ट रिपोर्ट, सेमिनार आणि रात्री बारानंतर गेम्स, सगळं त्याच्याच जिवावर. पण कॉम्प्युटर घेताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डवर दोन-दोन दिवस भांडणारे आपण, कीबोर्ड मात्र दुकानदार देईल तो मुकाट्याने घेतो.

सध्या आमच्या होस्टेलवर एकाच वस्तूची चर्चा आहे: लो-प्रोफाइल वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड. नाव एक्सप्रेस गाडीइतकं लांब, आणि किंमत चार आकडी, काहींची तर पाच आकडी! घरून येणाऱ्या पैशांतून एवढी रक्कम काढायची म्हणजे मेसच्या बिलाशी गाठ. म्हणून म्हटलं, आधी या नावातला एकेक शब्द उलगडून बघू, मग पाकिटाला हात घालू.

मेकॅनिकल म्हणजे नेमकं काय?

लॅबमधल्या साध्या कीबोर्डला मेंब्रेन कीबोर्ड म्हणतात. प्रत्येक कळीखाली रबराची एक छोटी घुमटी असते. कळ दाबली की घुमटी बसते, खालच्या प्लास्टिकच्या थरांवरचे संपर्क जुळतात आणि सर्किट पूर्ण होतं. स्वस्त आणि मस्त. पण कळ जवळजवळ तळापर्यंत दाबावी लागते, आणि रबर म्हातारं झालं की कळा लगद्यासारख्या लागतात.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा स्वतंत्र स्विच असतो: स्प्रिंग, सरकणारा दांडा आणि धातूचे संपर्क. १९८५ साली आलेला आयबीएमचा मॉडेल एम अजून लोक जपून वापरतात, तो त्यातल्या वाकणाऱ्या स्प्रिंगमुळे. आज सगळीकडे दिसणारे स्विच मात्र जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स घराण्यातले किंवा त्यांच्यावर बेतलेले असतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा. तपकिरी म्हणजे मध्ये बोटाला हलका अडथळा जाणवणारा. निळा म्हणजे अडथळ्यासोबत 'टिक' असा आवाज करणारा. रूम पार्टनरशी संबंध टिकवायचे असतील तर निळ्याच्या वाटेला जाऊ नका. रात्री दोन वाजता तो आवाज प्रेशर कुकरच्या शिट्टीइतकाच प्रिय वाटतो.

चपटेपणाचं गणित

नेहमीचा एमएक्स स्विच १८.५ मिमी उंच असतो. कळ एकूण ४ मिमी खाली जाते आणि २ मिमीवर सिग्नल देते. चेरीचा लो-प्रोफाइल लाल स्विच ११.९ मिमी उंच आहे. त्याचा प्रवास ३.२ मिमी आणि सिग्नल १.२ मिमीवर. कैल्हच्या 'चॉक' स्विचमध्ये हेच आकडे साधारण ३ आणि १.५ मिमी आहेत.

गेमर मंडळींना यातला १.२ हा आकडा आवडतो. बोट सेकंदाला २०० मिमी वेगाने खाली जातं असं धरलं, तर ०.८ मिमीच्या फरकाने वाचतात फक्त ४ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि होस्टेलच्या नेटचा पिंग तर विचारूच नका. तेव्हा 'चपट्यामुळे मी जिंकेन' हे म्हणणं म्हणजे नवीन बूट घेतले म्हणून धावण्याच्या शर्यतीत पहिला येईन म्हणण्यासारखं.

खरा फायदा आहे मनगटाचा. उंच कीबोर्डवर हात टेकवून टाईप करताना मनगट मागे वाकतं. आपल्या होस्टेलची टेबलं आधीच उंच, त्यामुळे ते आणखी वाकतं. तासन् तास असंच चाललं की मनगटात कळ येऊ लागते. चपट्या कीबोर्डवर हे वाकणं कमी होतं आणि हाताखाली उशी लागत नाही. एक फुकटचा सल्ला: कीबोर्डच्या मागचे पाय उघडू नका, त्याने मनगट अजून वाकतं. आणि बोटांना मुंग्या येत राहिल्या तर कीबोर्ड बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

भुताची गोष्ट

आता थोडं आपल्या ई अँड टीसीचं. १०४ कळांसाठी मायक्रोकंट्रोलरच्या १०४ पिना कोण देणार? म्हणून कळा आडव्या-उभ्या ओळींच्या मॅट्रिक्समध्ये जोडतात. ८ ओळी आणि १३ स्तंभ म्हणजे २१ पिनांत काम झालं. कंट्रोलर एकेक ओळ चालू करून कुठल्या स्तंभात सिग्नल आला ते बघतो, सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा.

पण चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, तर करंट मागच्या दाराने फिरतो आणि न दाबलेली चौथी कळही दाबल्यासारखी दिसते. यालाच घोस्टिंग म्हणतात. उपाय म्हणजे प्रत्येक कळीला एक डायोड. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये तो असतो. साध्या कीबोर्डमध्ये नसतो, म्हणून तिथे संशयास्पद कळ सरळ गाळली जाते. पळता पळता उडी मारली आणि पात्र जागच्या जागी उभं राहिलं, तर दोष दर वेळी तुमचा नसतो!

दुसरी भानगड म्हणजे बाऊन्स. धातूचे संपर्क जुळताना काही क्षण थडथडतात. कंट्रोलर थोडा थांबला नाही, तर एका 'क'चे तीन 'क' होतील. त्यासाठी फर्मवेअर बहुधा काही मिलिसेकंद थांबतं. म्हणजे वर वाचवलेले ४ मिलिसेकंद इथेच खर्च होऊ शकतात.

तार गेली, मग काय आलं?

वायरलेस कीबोर्ड दोन प्रकारे बोलतात: ब्लूटूथने, किंवा यूएसबीला लावायच्या छोट्या डोंगलने. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात. चांगला डोंगल दर १ मिलिसेकंदाला माहिती पाठवू शकतो. सध्या वापरात असलेल्या बहुतेक ब्लूटूथ कीबोर्डमध्ये दोन भेटींमधलं अंतर ७.५ मिलिसेकंद किंवा जास्त असतं. टायपिंगला ते कळतही नाही. म्हणून सोपा नियम: लिहायला ब्लूटूथ, खेळायला डोंगल. त्याच पट्ट्यात वायफायही नांदतं, त्यामुळे डोंगल कॅबिनेटच्या मागे खुपसण्यापेक्षा पुढच्या पोर्टला लावा.

सुरक्षिततेचंही बघा. २०१६ मध्ये बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की काही स्वस्त डोंगलवाले कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ कूटबद्ध न करताच हवेत सोडत होते. म्हणजे पासवर्डची जाहीर दवंडीच! खोक्यावर एन्क्रिप्शनचा उल्लेख आहे का, ते जरूर वाचा.

राहिली बॅटरी. समजा ८४ कळा, प्रत्येकीखाली सरासरी ४ मिलिअँपिअर खाणारा दिवा. झाले ३३६ मिलिअँपिअर. २००० एमएएचची बॅटरी सहा तासांत आडवी. दिवे बंद करून सरासरी वापर २ मिलिअँपिअर धरला, तर तीच बॅटरी हजार तास. निष्कर्ष तुम्हीच काढा.

आणि मराठीचं काय?

हा लेख मी इनस्क्रिप्टवर टाईप केला आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'प्र' लिहायचा तर प, हलन्त, र अशा तीन कळा. हलन्त इंग्रजी डीच्या कळीवर असल्याने डाव्या हाताचं मधलं बोट सतत कामाला. अशा वेळी हलका आणि कमी खोल स्विच खरोखर सुखाचा वाटतो.

मात्र च, ट, य, ड ही अक्षरं उजव्या टोकाला, विरामचिन्हांच्या कळांवर बसतात. जागा वाचवायला केलेल्या छोट्या कीबोर्डवर नेमक्या याच बाजूच्या कळा आखडतात किंवा सरकतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचं तेवढं अडत नाही, आपलं 'चटणी' लिहितानाच अडतं. घेण्याआधी ही बाजू बोटांनी तपासा.

मग घ्यावा का?

रोज तीन-चार तास टायपिंग असेल, मनगट कुरकुरत असेल आणि बॅगेतून कीबोर्ड न्यायचा असेल, तर पैसे वाया जाणार नाहीत. स्विच बदलता येतात का ते विचारा, पण चपट्या स्विचचे साचे एकमेकांत बसतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा. नुसतं गेमिंग असेल तर तारेचा मेकॅनिकल कमी पैशांत तेच काम करतो. आणि फक्त सबमिशनच्या आठवड्यातच कीबोर्डची आठवण येत असेल, तर मेंब्रेन झिंदाबाद! उरलेल्या पैशांत टेबलाच्या उंचीला शोभेल अशी खुर्ची बघा. मनगट तुमचे आभार मानेल, आणि रूम पार्टनरही.