मोठ्याला वाट, धाकट्याला मज्जाव

रक्ततपासणीच्या कागदावर सोडियम आणि पोटॅशियम शेजारी शेजारी छापलेले असतात. अम्मीच्या आजारपणात असे कितीतरी कागद माझ्या हातून गेले. डॉक्टर सगळ्या आकड्यांवरून भराभर नजर फिरवायचे आणि पोटॅशियमपाशी थांबायचे. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण त्या थांबण्याचे कारण शोधताना मला रॉडरिक मॅकिनन भेटले, अर्थात पुस्तकांतून.

आपल्या पेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम. मधल्या पातळ पडद्यात प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा असतात. हृदयाचा ठोका पडला, की पोटॅशियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, आपल्या वाटेने बाहेर पडतात आणि पेशी पुढच्या ठोक्याला सज्ज होते. गंमत अशी, की सोडियमचा आयन आकाराने लहान असूनही त्याला या वाटेवर मज्जाव! दहा हजार पोटॅशियममागे जेमतेम एखादा सोडियम जातो. चाळणीचा न्याय इथे उलटाच.

मॅकिनन मुळात डॉक्टर. तिशीत त्यांनी ती वाट सोडली आणि प्रयोगशाळेत पुन्हा नव्याने उमेदवारी केली. पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. पण हे कोडे सोडवायचे तर प्रथिनाचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडायला हवेत, आणि पडद्यातली प्रथिने सहजी स्फटिक होत नाहीत. ही विद्या त्यांना अवगत नव्हती. बसलेला जम मोडून, चाळिशीत ते शिकायला बसले! १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेले. १९९८ मध्ये मातीतल्या एका जिवाणूच्या प्रथिनाने अखेर आपले रूप दाखवले.

पाण्यात प्रत्येक आयन पाण्याच्या रेणूंची शाल पांघरून असतो. अरुंद वाटेत शिरताना ती उतरवावी लागते. वाटेच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर उभे, की पोटॅशियमला शाल गेल्याचे जाणवतच नाही. धाकटा सोडियम सगळ्या भिंतींपर्यंत पोहोचत नाही. मग तो शाल सोडायला तयार होत नाही. वृत्तात मात्रा कमी पडली की ओळ अडते, तसेच हे.

२००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पीटर अ‍ॅग्रे यांच्यासोबत मिळाले. मला त्याहून मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. टर्फेनाडीन नावाचे अ‍ॅलर्जीचे औषध हृदयातली अशीच एक पोटॅशियमची वाट अडवू शकत होते. काही रुग्णांच्या ठोक्यांची लय बिघडली आणि १९९० च्या दशकाअखेरीस ते अमेरिकेतून बाद झाले. आता नवे औषध रुग्णापर्यंत येण्याआधी ते ही वाट अडवते का, हे तपासून घेतात.